सिम्स ४: सॅन मायशुनोत भाड्याने राहावं की विलो क्रीकमध्ये घर घ्यावं?

एका खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 'द सिम्स ४' या माणसांचं रोजचं आयुष्य खेळवायच्या कॉम्प्युटर गेमचा मूळ भाग फुकट उतरवून घेतला, सेलमध्ये 'सिटी लिव्हिंग' हा त्याचा विकतचा जोड-पॅक मिळाला, एक तरुण सिम (गेममधलं माणूस) बनवली. हातात २०,००० सिमोलियन, म्हणजे गेममधले पैसे, आहेत. आता तिला सॅन मायशुनो या गेममधल्या शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवायचं की विलो क्रीक या वस्तीत छोटंसं घर घेऊन द्यायचं? आणि शेवटी एक ओळ: "भाडं म्हणजे पैसे पाण्यातच ना?"

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण सगळी गडबड तिथे आहे. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतं आणि त्यामागे खरी कारणं असतात. जागेचे भाव चढत राहतात, हप्ते फिटले की घर आपलं होतं, अकरा महिन्यांनी करार संपला की घरमालक भाडं वाढवतो नाहीतर जागा खाली करायला सांगतो. सिम्स ४ मध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. जागेचा भाव वाढत नाही. तुमच्या सिमने आज घेतलेला प्लॉट तिच्या नातवाच्या काळातही तेवढ्याच किमतीचा असतो. उलट घरातल्या वस्तूंची किंमत रोज थोडी थोडी उतरते. गृहकर्ज हा प्रकारच नाही. (गंमत म्हणजे 'डिस्कव्हर युनिव्हर्सिटी' या पॅकमध्ये शिक्षणासाठी कर्ज मिळतं, घरासाठी नाही. बनवणाऱ्यांचा देश कोणता ते यावरून कळतं.) म्हणजे घर घेणं ही या गेममध्ये गुंतवणूक नाहीच. बिनव्याजी ठेव म्हणा फार तर. वर त्या घराची किंमत जितकी जास्त, तितकं आठवड्याचं बिलही जास्त.

दुसरी गोष्ट वेळेची. नॉर्मल वेगाने गेममधला एक दिवस खऱ्या २४ मिनिटांत संपतो. नॉर्मल आयुर्मानात 'यंग अ‍ॅडल्ट' हा टप्पा मुळात २४ दिवसांचा आहे. भाडं आठवड्याला. म्हणजे सिमच्या अख्ख्या तरुणपणात भाड्याची पावती तीन-चार वेळाच येणार! आपण मुंबई-पुण्यात वीस वर्षांच्या भाड्याचा हिशेब घालतो तसा इथे घालायला गेलं तर आकडेच जमत नाहीत. आयुर्मान 'लाँग'वर ठेवलं तर हाच टप्पा चौपट होतो, तेव्हा भाडं थोडं जाणवतं. पण तोवर सिम नोकरीत दोन-तीन बढत्या घेऊन बसलेली असते आणि पैशाची चणचण संपलेली असते. सिम्स ४ मध्ये पैसे मिळवणं सोपं आहे, जरा जास्तच सोपं आहे. चित्रं काढा, बाग लावा, महिनाभरात पैसे कुठे खर्च करायचे हा प्रश्न पडतो.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. खऱ्या आयुष्यात आपण भाड्याने राहतो त्याचं मोठं कारण नोकरी जवळ असावी हे असतं. विरारहून चर्चगेटला रोज लटकत जायचं नाही म्हणून माणूस दादरला खोली घेतो. सिमला तो प्रश्नच नाही. वेळ झाली की ती दारातून बाहेर पडते आणि गायब होते, मग घर वाळवंटात असो की शहराच्या मध्यात. अंतराची किंमत या गेममध्ये एकाच नाण्यात मोजली जाते, लोडिंग स्क्रीनमध्ये, म्हणजे जागा बदलताना गेम थांबवून ठेवणाऱ्या पडद्यात.

मग ठरवायचं कशावरून? माझं मत सरळ आहे. पैशाचा हिशेब बाजूला ठेवा आणि तुमच्या सिमचा दिवस कसा जावा असं तुम्हाला वाटतं ते बघा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गोष्टी तुमच्या अंगावर चालून येतात. स्वतःच्या घरात त्या तुम्ही घडवून आणाव्या लागतात. यापुढे जे सांगते आहे ते सगळं या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

आधी फ्लॅट. 'सिटी लिव्हिंग' नोव्हेंबर २०१६ मध्ये आलं आणि सॅन मायशुनो हे शहर त्याच्यासोबत आलं. त्यात चार भाग आहेत: स्पाइस मार्केट, आर्ट्स क्वार्टर, फॅशन डिस्ट्रिक्ट आणि अपटाउन. नव्या सिमला परवडणारी जागा शोधायची तर स्पाइस मार्केटमधल्या कल्पेपर हाउसकडे बघा. तिथले फ्लॅट जुने, मळकट आणि स्वस्त. शहराच्या याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त जीव आहे असं माझं म्हणणं आहे. अपटाउनमधून दिसणारा नजारा सुंदर असतो, पण नजाऱ्याकडे माणूस किती वेळ बघणार?

कल्पेपर हाउसमधल्या एका साध्या रात्रीत काय होऊ शकतं ते सांगते. सिम कामावरून दमून आली, झोपली. भिंतीपलीकडचा शेजारी मोठ्याने गाणी लावतो. सिमची झोप उडते, चेहरा आंबट. आता तुमच्यापुढे निवड आहे. उठून त्याचं दार ठोठवायचं आणि भांडायचं, की दुर्लक्ष करून सकाळी अर्धवट झोपेत कामावर पाठवायचं? समजा गेलात. दार उघडतं ती व्यक्ती तुमच्या सिमला आवडेल अशी निघते. मैत्री होते, पुढे त्याला फ्लॅटची चावी देता येते आणि मग तो न विचारता घरात येऊन तुमच्या फ्रीजमधलं खात बसतो. त्यातच नळाचा पाइप फुटतो, नाहीतर फ्यूज उडून अंधार होतो, नाहीतर उंदीर दिसतात. दुरुस्ती स्वतः केली तर 'हँडिनेस' हे दुरुस्तीचं कौशल्य वाढतं, पण नवख्या सिमला विजेच्या वस्तूला हात लावू देणं म्हणजे यमदूताला बोलावणं आहे. नाहीतर फोन उचला, घरमालकाला बोलवा. तो येतो, बघतो, दुरुस्त करतो. हे सगळं तुम्ही ठरवलेलं नसतं. तुम्ही फक्त झोपायला पाठवलं होतं.

दुसरा फायदा रस्त्याचा. फ्लॅटमधून लिफ्टने खाली उतरलं की तुम्ही थेट त्या भागाच्या चौकात असता. त्या दिवशी खाली फ्ली मार्केट असेल, 'गीककॉन' हा गेमवेड्यांचा मेळावा असेल, मसाल्यांचा उत्सव असेल तर सिम चपला घालून निघाली की पोचली. विलो क्रीकमध्ये राहून हेच करायचं तर आधी प्रवास, मग लोडिंग, मग तिथे गर्दी जमेपर्यंत वाट बघणं. मसाल्यांच्या उत्सवात झणझणीत करी संपवायची पैज असते, जिंकलं तर टी-शर्ट मिळतो. आपल्या लोकांनी ही पैज चुकवू नये. एक मात्र लक्षात ठेवा, शेजाऱ्याच्या फ्लॅटच्या आत जायचं झालं की पुन्हा लोडिंग लागतं. शेजारी तुमच्याकडे मोकळेपणाने येतात, तुम्ही त्यांच्याकडे गेलात की गेम थांबतो. त्यामुळे पाहुण्यांना आपल्याच घरी बोलवायची सवय लावा.

राजकारणी, समीक्षक आणि सोशल मीडिया ही तीन करिअरही याच पॅकमधली आहेत. त्यांत रोज सकाळी गेम विचारतो, ऑफिसला जायचं की घरून काम करायचं? घरून काम निवडलं तर दिलेली कामं बऱ्याचदा माणसांत मिसळायची असतात आणि ती माणसं खाली चौकातच सापडतात. तुमची सिम यांपैकी एखादं करिअर करणार असेल तर प्रश्न तिथेच मिटला, फ्लॅट घ्या.

फ्लॅट निवडताना त्याची 'लॉट ट्रेट', म्हणजे त्या जागेचे गुण-दोष, जरूर वाचा. हा भाग लोक घाईत सोडून देतात. 'नॅचरल लाइट' असेल तर चित्रकार सिमला फायदा, 'फास्ट इंटरनेट' असेल तर प्रोग्रामिंग करणाऱ्याला, 'गुड स्कूल्स' असेल तर मुलं असलेल्या घराला. उलट 'ग्रेमलिन्स' असेल तर रात्री कोणीतरी येऊन तुमची यंत्रं बिघडवून जाणार, 'क्वेक झोन' असेल तर जमीन हादरणार, 'हाँटेड' असेल तर भुतं मुक्कामाला. 'नीड्स टीएलसी' म्हणजे या जागेची डागडुजी तुमच्या कपाळी लिहिलेली. मला स्वतःला पहिल्या सिमसाठी 'ग्रेमलिन्स'वाला फ्लॅट आवडतो, कारण फुकटात दुरुस्तीचा सराव होतो. पण ज्याला संध्याकाळी दोन घटका शांतपणे खेळायचं आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

फ्लॅटची मर्यादा कुठे आहे तेही स्पष्ट सांगते. बाहेरच्या भिंती तुमच्या नाहीत. आतल्या भिंती पाडा, खोल्या बदला, रंग द्या, पण बाहेरचा सांगाडा, खिडक्यांची रांग, बाहेरची मार्गिका यांना हात लावता येत नाही. तळघर नाही, दुसरा मजला नाही, अंगण नाही. बाल्कनी असलीच तर कुंड्यांत चार रोपं. कोंबड्या-गायी पाळायच्या असतील तर 'कॉटेज लिव्हिंग' या पॅकसाठी जमीन हवी, घोड्यासाठी तर हवीच हवी. अंगणात रॉकेट उभं करून अंतराळात जायचं असेल तर कल्पेपर हाउसच्या हॉलमध्ये ते मावणार नाही. (शहरातच राहून हवं तसं बांधकाम करायचं असेल तर वरच्या मजल्यावरची पेंटहाउस आहेत, पण त्यांच्या किमती बघितल्यावर २०,००० वाल्या सिमने नमस्कार करून खाली उतरावं.)

आता घराकडे. या गेमचा जन्मच घर बांधण्यातून झालाय. 'सिम्स'चा निर्माता विल राइट याचं ओकलंडमधलं घर १९९१ च्या वणव्यात जळालं. ते नव्याने उभं करताना, घरात काय काय लागतं आणि का लागतं, याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला. सुरुवातीची कल्पना घराचा आराखडा करण्याच्या खेळाची होती. छोटी माणसं त्यात होती ती एवढ्याचसाठी की घर चांगलं झालंय की नाही हे त्यांनी राहून दाखवावं. पुढे ती माणसंच घरापेक्षा जास्त मजेदार निघाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये पहिला 'सिम्स' आला. भाड्याने राहण्याचा खरा खेळ बऱ्याच नंतर आला, २००८ साली 'सिम्स २'च्या 'अपार्टमेंट लाइफ'मध्ये. त्यात शेजारी त्याच लॉटवर, म्हणजे प्लॉटवर, राहायचे, मधे लोडिंग नाही, घरमालक आवारात फिरत असायचा. 'सिम्स ३'ने २०१० मध्ये 'लेट नाइट'मध्ये उंच इमारती दिल्या, पण बाकीची दारं नुसती शोभेची. जुन्या खेळाडूंना 'अपार्टमेंट लाइफ' अजून का आठवतं ते यावरून कळेल. हे सांगायचं कारण असं की बांधकामाची साधनं ही या गेमची सगळ्यात मुरलेली, सगळ्यात घासून-पुसून तयार झालेली बाजू आहे. स्वतःचा प्लॉट घेतला की ती सगळी तुमच्या हातात येते. फ्लॅटमध्ये तिचा एक कोपरा मिळतो.

२०,००० मध्ये घर होतं का? होतं. विलो क्रीकमधली 'स्ट्रीमलेट सिंगल'सारखी तयार घरं नव्या कुटुंबांसाठीच ठेवलेली आहेत. पण मी तयार घर घेण्याच्या विरोधात आहे. त्यात सोफा, गालिचा, तसबिरी यांचे पैसे आधीच गेलेले असतात आणि हातात खुर्दा उरतो. न्यूक्रेस्ट या दुसऱ्या वस्तीत जा, तिथे सगळे प्लॉट रिकामे आहेत. सर्वांत लहान, २० बाय १५ चा प्लॉट घ्या आणि स्वतः बांधा. एक खोली, एक न्हाणीघर, बस. पलंग जरा बरा घ्या, कारण स्वस्त पलंगावर झोप हळू भरते आणि सकाळचे तास वाया जातात. शेगडी स्वस्त चालेल, पण स्वयंपाक येत नसताना शेगडी पेटवली की आग लागते, तेव्हा छताला धुराचा गजर लावल्याशिवाय पहिली पोळी भाजू नका. टीव्ही नको. पुस्तकांचं कपाट हवं. उरलेले पैसे चित्रकलेच्या ईझलवर आणि बागेवर घाला. ईझल आणि बाग घराचं बिल भागवतात, सोफा भागवत नाही.

इथे 'टायनी लिव्हिंग' हा पॅक घ्यायची ऐपत असेल तर मजा आणखी वाढते. घर ३२ चौकोनांच्या आत बसवलं तर 'मायक्रो', ६४ पर्यंत 'टायनी', १०० पर्यंत 'स्मॉल' असे तीन दर्जे आहेत आणि घर जितकं छोटं तितके फायदे जास्त. बिलं कमी येतात, कौशल्यं लवकर वाढतात. भाड्याच्या फ्लॅटला हे लागू नाही, हा प्रकार प्लॉटलाच लावावा लागतो. ३२ चौकोन म्हणजे आठ बाय चार. त्यात पलंग, स्वयंपाक, संडास, अंघोळ आणि एक टेबल बसवणं हे मला गेममधलं सगळ्यात आवडतं कोडं आहे. चाळीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला ते लगेच सुटतं. जागा वाचवायला भिंतीत मिटणारा मर्फी पलंग आहे, पण तो सिमला चिरडून मारू शकतो, हे दुकानातल्या वर्णनावरून वाटत नाही! आधी तो 'अपग्रेड' करा, मगच झोपा.

स्वतःच्या घराचा तोटा मला एकच दिसतो आणि तो मोठा आहे. शांतता. शेजारी पहिल्या दिवशी केक घेऊन येतात, नंतर रस्त्याने चालत जाताना दिसतात. एकटी सिम, मोठं घर, सगळं नीटनेटकं, आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला लक्षात येतं की तुम्ही गेम 'थ्री स्पीड'वर टाकून बघत बसला आहात. बहुतेक लोकांचे सेव्ह इथेच सोडून दिलेले असतात. कुटुंब असेल तर हा तोटा राहत नाही. दोन लहान मुलं आणि एक कुत्रा असलेल्या घरात शांतता औषधालाही नसते. 'डिस्कव्हर युनिव्हर्सिटी' असेल तर स्वतःच्या घरात रूममेट ठेवता येतात, त्यांच्याकडून भाडंही मिळतं आणि घरात गोंधळही होतो.

तिसरा रस्ता डिसेंबर २०२३ मध्ये 'फॉर रेंट' या पॅकने उघडला आणि त्याबद्दल जरा सांगायलाच हवं, कारण त्याने प्रश्नच फिरवला. टोमारांग हे आग्नेय आशियाच्या धर्तीवरचं शहर त्यात आहे, टुकटुक आहेत, रात्रबाजार आहे. पण खरी गोष्ट 'रेसिडेन्शिअल रेंटल' ही आहे. कुठल्याही शहरात, स्वतःच्या प्लॉटवर तुम्ही सहा बिऱ्हाडांची वास्तू बांधू शकता. एकात स्वतः राहा, पाच भाड्याने द्या. किंवा दुसरीकडे राहून नुसते मालक बना. घरमालक होणं म्हणजे बसून खाणं, असं वाटत असेल तर एकदा करून बघा. भाडं वाढवलं तर लोक कुरकुरतात, दुरुस्तीकडे दुर्लक्ष केलं तर रेटिंग पडतं, फारच ताणलं तर भाडेकरू बंड करतात. ओल आली की बुरशी धरते आणि या बुरशीने सिम मरू शकते. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीखाली राहिलेल्या कुणालाही हे अतिशयोक्त वाटणार नाही. शिवाय भाडेकरू म्हणूनही इथे जास्त मोकळीक आहे: शेजाऱ्यांच्या दाराला कान लावा, त्यांच्या खोलीत घुसून गुपितं शोधा. सॅन मायशुनोचे जुने फ्लॅट मात्र जसे होते तसेच आहेत, ते या नव्या पद्धतीत बदलता येत नाहीत. सध्या हा पॅक तुमच्याकडे नाही, म्हणून आत्ताच्या निर्णयात तो धरू नका. पण पुढे एकच पॅक घ्यायचा ठरला तर मी हाच सुचवेन.

फसवणुकीचाही विषय काढते, कारण कुणीतरी तो काढणारच. कंट्रोल, शिफ्ट, सी दाबून 'मदरलोड' टाइप केलं की ५०,००० मिळतात. नकाशावर असताना 'फ्री रिअल इस्टेट ऑन' लिहिलं तर घरं फुकट. वापरायला माझी हरकत नाही, विशेषतः ज्याला फक्त बांधकाम करायचं आहे त्याने जरूर वापरावं. पण मग भाडं की मालकी हा प्रश्नही विचारू नये. तंगी हीच या प्रश्नातली मजा आहे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर एकटी तरुण सिम, २०,००० आणि नुकतंच घेतलेलं 'सिटी लिव्हिंग' यावर माझं उत्तर कल्पेपर हाउस. जागेची अख्खी किंमत एकदम मोजावी लागत नाही, त्यामुळे हातातले बरेचसे पैसे हातातच राहतात. ते पलंग, फ्रीज आणि ईझलवर घाला. गेममधले दोन-तीन आठवडे तिथे काढा. तेवढ्यात तिची नोकरी मार्गी लागते, तिचे दोन-चार खरे मित्र होतात, एखादा शत्रूही होतो. बहुधा कुणाशी तरी जमतं. लग्न झालं, पाळणा हलणार असं दिसलं की मगच न्यूक्रेस्टचा प्लॉट बघा. त्या वेळेपर्यंत तुम्हालाही कळलेलं असेल की या माणसांना किती खोल्या लागतात. पहिल्या दिवशी बांधलेलं घर आपल्या अंदाजावर बांधलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा पाडावं लागतं.

अपवाद दोन. सुरुवातीपासून बाग, गुरं, घोडा यांपैकी काही करायचं असेल तर फ्लॅटवर वेळ घालवू नका, सरळ जमीन घ्या. आणि एकाच घराण्याच्या दहा पिढ्या खेळवण्याचं 'लेगसी चॅलेंज' करायचं असेल तर त्याची रीतच मोठ्या रिकाम्या प्लॉटवर उघड्यावर झोपून सुरुवात करायची आहे, तिथे भाडं बसत नाही.

फ्लॅट सोडताना गेम विचारतो, फर्निचर विकायचं की सोबत न्यायचं? पलंग, शेगडी, कपाट खुशाल विका, त्यांची किंमत तशीही उतरलेली असते आणि नव्या घरात वेगळ्या मापाचं लागतं. सिमने स्वतः काढलेली चित्रं मात्र भिंतीवरून आधी काढून सामानात टाका, मगच ते बटण दाबा.